पहिलं पिस्तूल कोणतं घ्यावं?

मंडळी, गेल्या वर्षभरात हा प्रश्न मला तीन वेगवेगळ्या माणसांनी विचारलाय. तिघंही आयटीतले, तिघंही तिशी-पस्तिशीचे, आणि तिघांनीही अलिबाग-मुरूड पट्ट्यात एनए प्लॉट घेतलेत. मी मूळचा रेवदंड्याचा, इंजिनिअरिंग लोणेऱ्याला केलं आणि सुट्टीच्या दिवशी एअर पिस्तूल चालवतो, एवढ्या भांडवलावर लोक मला शस्त्रतज्ज्ञ समजतात. प्रश्नाची धाटणी ठरलेली. "अरे, बंगला बांधून झाला की तिथे एक हँडगन ठेवायचा विचार आहे. पहिल्यांदाच घेतोय, काय घेऊ?" नवा फोन घेताना रॅम किती घेऊ विचारतात ना, अगदी तसं.

माझं उत्तर तिघांनाही एकच होतं. काही घेऊ नका.

हे उत्तर कुणालाच आवडत नाही. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी बाजारात काय आहे ते बघू, कारण सगळ्यांची सुरुवात तिथूनच होते. आपल्याकडे सामान्य नागरिकाला हँडगन मिळते ती मुख्यतः .३२ किंवा .२२ बोअरची. सिनेमात दिसणारं ९ एमएम प्रतिबंधित बोअरमध्ये येतं, ते विसरा. जानेवारी २०१४ मध्ये कानपूरच्या सरकारी कारखान्याने 'निर्भीक' आणलं. टायटॅनियमच्या मिश्रधातूचं, साधारण अर्धा किलो वजनाचं, किंमत सव्वा लाखाच्या घरात, आणि जाहिरात काय तर खास महिलांसाठी. ऑगस्ट २०२३ मध्ये त्याच कानपूरहून 'प्रबळ' आलं. ७०० ग्रॅम वजन, ५० मीटरचा पल्ला. नावं बघा. निर्भीक काय, प्रबळ काय! पिस्तुलाचं नाव वाचूनच छाती दोन इंच फुगते. पण तुमची बेडरूम आहे बारा बाय चौदा फूट. ५० मीटरचा पल्ला तुम्ही कुठे वापरणार? शेजाऱ्याच्या ओसरीवर?

आपण इंजिनिअर लोक एरवी काय करतो? क्लायंट म्हणाला 'मला अमुक डेटाबेस पाहिजे', की आपण आधी विचारतो, 'कशासाठी?' आधी गरज लिहून काढतो, मग सिस्टिम कुठे-कुठे फसू शकते ते बघतो आणि सगळ्यात शेवटी प्रॉडक्ट निवडतो. मग स्वतःच्या घरात जीव घेणारी वस्तू आणताना हा क्रम उलटा का होतो? चला, गरज लिहून काढू.

गरज क्र. १: चोरी. किनाऱ्यावरचे हे बंगले आठवड्यातले पाच दिवस बंद असतात. चोराला हे माहीत असतं, म्हणून तो मंगळवारी येतो. तुम्ही मंगळवारी कुठे असता? हिंजवडीला किंवा ऐरोलीला, स्टँडअप मीटिंगमध्ये. मग पिस्तूल कुठे असेल? बंगल्यावर ठेवलंत तर चोराच्या हाती टीव्हीबरोबर पिस्तूलही लागेल, आणि पुढे ते कुणावर चालेल याचा घोर आयुष्यभर तुम्हाला. बरोबर नेलंत तर दर शुक्रवारी संध्याकाळी भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याच्या रो-रोमध्ये, मुलांच्या खाऊच्या पिशवीशेजारी भरलेल्या हत्याराची बॅग. यातलं कुठलं चालेल ते सांगा.

गरज क्र. २: रात्रीचा दरोडा. इथे लोक लगेच दिवेआगरचं उदाहरण देतात, आणि ते खरंच आहे. मार्च २०१२ मध्ये तिथला सुवर्णगणेश चोरीला गेला आणि मंदिराच्या दोन रखवालदारांना दरोडेखोरांनी ठार मारलं. आमच्या अख्ख्या पट्ट्याला हादरा बसला होता. पण त्या घटनेतून काय शिकायचं? दरोडेखोर वेळ, जागा, माणसं आणि हत्यारं सगळं आधी ठरवून येतो. तुम्ही मात्र झोपेतून उठून, चष्मा शोधत, अंधारात सुरुवात करणार. पिस्तूल लॉकरमध्ये कुलूपबंद असेल (नियमाने तसंच सुरक्षित ठेवावं लागतं) तर ते वेळेवर हाती येणार नाही. उशीखाली असेल तर ३६५ पैकी ३६५ रात्री ते तुमच्या पोरांच्या हाताशी आहे. लगेच हाताशी हवं आणि कुणाच्या हाती लागायला नको, या दोन्ही अटी एकाच वेळी पाळणारा लॉकर मला तरी अजून दिसलेला नाही.

आणि हे फक्त नवशिक्यांचं होतं असंही नाही. १ ऑक्टोबर २०२४ च्या पहाटे अभिनेता गोविंदाच्या स्वतःच्या परवान्याच्या रिव्हॉल्वरमधून मुंबईत घरातच गोळी सुटली आणि त्याच्याच पायात घुसली. ना चोर होता, ना भांडण. बाहेर निघायची तयारी चालू होती, एवढंच. जुन्या धाटणीच्या काही रिव्हॉल्वरमध्ये घोड्यासमोरच्या घरात गोळी असेल तर नुसतं पडल्यानेही बार उडू शकतो. घरात सगळ्यात जास्त वेळा काय होतं? वस्तू हातातून पडतात!

गरज क्र. ३: जमिनीचा वाद. ही गरज कुणी उघड बोलत नाही, पण मला वाटतं बऱ्याच जणांच्या मनात खरी हीच असते. रस्त्याचा हक्क, कुंपण, सातबाऱ्यावर आठ भावांची नावं, त्यातल्या एकाची सही राहिलेली. जुलै २०२४ मध्ये मुळशीचा तो व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला असेल, हातात पिस्तूल घेऊन शेतकऱ्यांना दरडावणाऱ्या बाईंचा. त्यांना पोलिसांनी पकडलं ते आमच्याच रायगड जिल्ह्यात, महाड तालुक्यातून. पिस्तुलाने जमिनीचा वाद मिटला का? उलट दिवाणी वादाचा फौजदारी गुन्हा झाला.

आता कायदा. रायगडच्या किनाऱ्यावर राहणाऱ्याचा परवान्याचा अर्ज अलिबागला जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो. वय किमान २१, पोलिसांचा अहवाल, २०१६ च्या नियमांनुसार प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला जास्तीत जास्त दोन हत्यारं, परवाना पाच वर्षांचा. आणि परवाना मिळाला म्हणजे गोळी झाडायची मुभा मिळाली असं नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्या ३४ ते ४४ या कलमांत स्वसंरक्षणाचा हक्क आहे, पण बचावाला लागेल तेवढंच बळ वापरायची मुभा आहे. कुंपणावरून उडी मारून पळणाऱ्या पोराच्या पाठीत गोळी घातलीत तर तुम्ही आरोपी. आणि तुमच्याविरुद्ध साक्ष द्यायला अख्खा गाव येईल, हे लक्षात असू द्या.

इथे दोन आक्षेप हमखास येतात. दोन्ही घेतो.

पहिला: "इंग्रजांनी १८७८ च्या शस्त्र कायद्याने आपल्याला नि:शस्त्र केलं, शस्त्र बाळगणं हा हक्क आहे." पहिला अर्धा भाग शंभर टक्के खरा. तो कायदा अपमानास्पदच होता. गोऱ्यांना सूट आणि आपल्याला बंदी. काँग्रेसने सुरुवातीच्या अधिवेशनांतच त्याविरुद्ध ठराव केले होते. पण तो कायदा जाऊन १९५९ चा आला, त्यात कातडीच्या रंगावर सूट नाही. आणि कोकणात आजही परवान्याच्या बंदुका आहेतच की! रोह्याकडे डोंगरात माझ्या मामाकडे आहे, शेती संरक्षणाची, एकनळी. भात पोटरीला आलं की रात्री रानडुकरं उतरतात आणि तासाभरात वर्षाची मेहनत लोळवतात. मामाच्या बंदुकीमागे सातबारा आहे, शेत आहे, दिसणारं नुकसान आहे. निवडणुकीची आचारसंहिता लागली आणि पोलीस ठाण्यातून नोटीस आली, की मुकाट्याने नेऊन जमा करतो आणि महिनाभर पत्र्याचे डबे वाजवत राखण करतो. 'मॉडेल कुठलं भारी?' हा प्रश्न त्याने उभ्या आयुष्यात कुणाला विचारलेला नाही. गरज आणि हौस यांच्यात फरक असतो तो हा.

दुसरा आक्षेप: "तुमचा किनाराच धोक्याचा आहे. १९९३ चं आरडीएक्स तिथेच उतरलं." हो, दिघीला आणि शेखाडीला उतरलं. पण का उतरू शकलं? पोलीस आणि कस्टम्समधल्या काहींनी लाच खाऊन डोळे मिटले म्हणून. पुढे कोर्टात ते सिद्धही झालं. शेखाडीच्या घरोघरी रिव्हॉल्वर असतं तर लाच थांबली असती का? आता ऑगस्ट २०२२ बघा. हरिहरेश्वरच्या किनाऱ्याला एक बेवारस बोट लागली, आत तीन एके-४७. गावातल्या लोकांनी बोट बघितली आणि पोलिसांना कळवलं. पुढे निघालं असं, की ओमानजवळच्या खवळलेल्या समुद्रात सोडून दिलेली ती बोट वाहत इकडे आली होती, घातपात नव्हता. पण किनारा कसा राखला जातो ते त्या दिवशी दिसलं. समुद्रावर नजर असलेली माणसं आणि फोन. तुमचं .३२ घेऊन तुम्ही एके-४७ वाल्यांशी लढणार होतात का? विचारून बघा स्वतःला.

तर मंडळी, माझं खरं भांडण पिस्तुलाशी नाही, ते कुणाकडे रोखलेलं आहे याच्याशी आहे. शहरातून येणारा माणूस आमच्याकडे येतो, वाडी विकत घेतो, आठ फुटी भिंत घालतो, समुद्राकडे जाणारी पिढ्यान् पिढ्यांची पायवाट बंद करतो आणि मग त्याला रात्री भीती वाटायला लागते. कुणाची? ज्याच्याकडून जमीन घेतली त्याची, जो त्याच्या बागेला पाणी घालतो त्याची, जी त्याच्याकडे भांडी घासते तिच्या मुलाची. बंगल्याची चावी ज्याच्याकडे दिलीये त्याच्याच भीतीने उशाला रिव्हॉल्वर! हे मला गावकरी म्हणून झोंबतं, आणि झोंबायलाच हवं.

सुरक्षा हवीये ना? मग हे करा. राखणदाराला पोटभर पगार द्या आणि त्याची झोपायची खोली कुत्र्याच्या घरापेक्षा मोठी बांधा. अंगणात चांगले दिवे लावा. शेजारच्या चार घरांचे नंबर फोनमध्ये ठेवा, तुमचा त्यांना द्या. ११२ पाठ असू द्या. पायवाट मोकळी ठेवा, म्हणजे दिवसभर तिथून माणसं जातील-येतील आणि अनोळखी गाडी दिसली की बघतील. आणि यातलं काहीच हातातून पडून फुटत नाही.

आणि नेमबाजीची हौसच असेल तर ती उत्तम हौस आहे. मग पहिलं पिस्तूल एअर पिस्तूल. ४.५ मिमीपर्यंतच्या आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जेच्या एअरगनला परवाना लागत नाही. अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला १५० मीटर वेगाने, हिशोब करा, सहा ज्यूलच्या आसपास येतो. (तरी डोळा जाऊ शकतो, खेळणं समजू नका.) सुरुवातीला विकत घेऊच नका, क्लबचं वापरा. आमच्या जिल्ह्यात पनवेललाच सुमा शिरूर यांचा लक्ष्य शूटिंग क्लब आहे. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरी गाठलेल्या नेमबाज त्या. पिस्तुलात आपल्या कोल्हापूरची राही सरनोबत आहे, २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण. एअर पिस्तुलाच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ असतं साडेअकरा मिलिमीटरचं, अंतर दहा मीटर. उजेड लख्ख, हवा शांत, समोर कागद, घाई नाही. तरी नवशिक्याचे छर्रे काळ्याच्या बाहेर पांढऱ्यात जातात. महिनोन् महिने नुसतं रिकामं पिस्तूल धरून ट्रिगर दाबायचा सराव करावा लागतो, तेव्हा कुठे हात ऐकायला लागतो.

तिथे सहा महिने घालवा. त्यानंतर रात्री तीनला, अंधारात, छाती धडधडत असताना, मागच्या खोलीत मुलं झोपलेली असताना आपण नेम साधू, असं वाटतंय का ते सांगा. मला आतापर्यंत रेंजवर तसं म्हणणारा एकही नेमबाज भेटलेला नाही. तसं म्हणणारे सगळे ऑफिसच्या कँटीनमध्ये भेटलेत.

ता.क.: बंगला झाला की वास्तुशांतीला पहिलं आमंत्रण आळीत द्या, ऑफिसात नंतर.