नियम एकदाच लिहा

मे २०१५ अखेरपर्यंत बँकेच्या सेवाशुल्कावर १२.३६ टक्के सेवाकर होता. १ जून २०१५ला तो १४ टक्के झाला. त्याच वर्षी १५ नोव्हेंबरला स्वच्छ भारत उपकराचा अर्धा टक्का वाढला, १ जून २०१६ला कृषी कल्याण उपकराचा आणखी अर्धा. आणि १ जुलै २०१७ला सेवाकरच जाऊन १८ टक्के जीएसटी आला. पंचवीस महिन्यांत चार बदल. ज्या प्रोग्राममध्ये हा दर एका तक्त्यात, लागू होण्याच्या तारखेसह, एकदाच नोंदलेला होता, तिथे दराचा प्रश्न एका नव्या नोंदीत सुटत होता. ज्यात तोच आकडा डिमांड ड्राफ्ट, लॉकरभाडे, चेकबुक, कर्जाचे प्रक्रिया शुल्क अशा प्रत्येक मॉड्यूलमध्ये वेगवेगळा लिहिलेला होता, तिथे दर वेळी सगळा कोड पालथा घालावा लागत होता. आणि तो घातल्यावरही खात्री नाही, की सगळ्या जागा सापडल्या.

डुप्लिकेट कोडचा खरा धोका या अनिश्चिततेत आहे. एकच नियम सात ठिकाणी लिहिला, की बदल सहा ठिकाणी होतो आणि सातवे ठिकाण खातेदाराला सापडते.

गोरेगावात हा विषय दूरचा नाही. पश्चिम द्रुतगती महामार्गालगत निरलॉन आणि नेस्कोच्या आवारांत एकेकाळी नायलॉनचे धागे आणि यंत्रे तयार होत. आज तिथे माहिती तंत्रज्ञान कंपन्यांची कार्यालये आहेत. याच पट्ट्यात गोरेगाव पूर्वेला ओरॅकल फायनान्शियल सर्व्हिसेस सॉफ्टवेअरचे मुख्यालय आहे. सिटिकॉर्पच्या छत्राखाली १९८९मध्ये सुरू झालेली ही कंपनी पुढे आय-फ्लेक्स झाली आणि २००८मध्ये तिला आजचे नाव मिळाले. तिने १९९७मध्ये आणलेले ‘फ्लेक्सक्यूब’ जगभरच्या बँकांनी घेतले. त्यामागचा विचार सरळ होता. प्रत्येक बँकेसाठी प्रोग्राम मुळापासून लिहायचा नाही. बँकिंगचा गाभा एकदाच लिहायचा. व्याजदर, शुल्क, मुदती अशा बँकेगणिक बदलणाऱ्या गोष्टी पॅरामीटर म्हणून गाभ्याबाहेर ठेवायच्या. पुनरावृत्ती टाळण्याच्या विचारावर मुंबईच्या उपनगरात एक मोठा उद्योग उभा राहू शकतो, याचा हा पुरावा आहे.

तरीही सॉफ्टवेअरच्या रोजच्या कामात उलटा रिवाज दिसतो. नवा क्लायंट आला, की मागच्या क्लायंटचा कोड कॉपी करायचा, नाव बदलायचे, चार ओळी इकडेतिकडे करायच्या आणि डेडलाइन गाठायची. त्या दिवशी हे स्वस्त पडते. मग एका प्रतीत बग सापडतो. तो बाकीच्या प्रतींतही आहे. पण त्या प्रती वेगळ्या टीमकडे आहेत, त्यांच्यात वेगळे बदल झाले आहेत आणि मूळ लिहिणारा कधीच नोकरी सोडून गेला आहे. रात्री दोन वाजता प्रॉडक्शन सपोर्टचा फोन उचलतो तो दोन वर्षांच्या अनुभवाचा मुलगा किंवा मुलगी. दुसऱ्याच्या घाईची किंमत त्यांनी झोपेतून का द्यावी?

या किमतीचा सर्वांत मोठा हिशेब जगाने १९९०च्या दशकाच्या अखेरीस पाहिला. वर्ष दोनच अंकांत ठेवायचे, हा निर्णय जागा वाचवण्यासाठी घेतलेला आणि त्या काळी समंजस होता. फाइलींत दोनच अंक असल्याने २००० साल येताना काही दुरुस्ती करावी लागणार, हेही अटळ होते. पण तारखेची वजाबाकी, वयाची मोजणी, व्याजाचे दिवस हे सगळे प्रत्येक प्रोग्रामने आपापले लिहिले होते. म्हणून दुरुस्ती कित्येक पटींनी वाढली आणि कोबोलच्या ओळीन्‌ओळी वाचण्यासाठी हजारो माणसे बसवावी लागली. भारतीय सॉफ्टवेअर कंपन्यांना त्या कामाने परदेशात पाय रोवायला मदत झाली, हे खरे. त्या कामातून घ्यायचा धडा मात्र आपल्या सवयींत पुरेसा उतरला नाही.

दुसरा दाखला वेळीच न काढलेल्या कोडचा, अमेरिकेतल्या नाइट कॅपिटल या शेअर दलाली कंपनीतला. तिच्या प्रोग्राममध्ये कित्येक वर्षे न वापरलेला एक जुना भाग तसाच पडून होता. नवी सुविधा देताना त्याच जुन्या भागाचा स्विच पुन्हा वापरला गेला आणि आठपैकी एका सर्व्हरवर नवा कोड चढवायचा राहिला. १ ऑगस्ट २०१२च्या सकाळी बाजार उघडताच त्या सर्व्हरवरचा जुना कोड जागा झाला आणि ऑर्डरीमागून ऑर्डरी सोडू लागला. ४५ मिनिटांत कंपनीला ४४ कोटी डॉलरहून अधिक फटका बसला आणि तिचे स्वतंत्र अस्तित्व वर्षभरात संपले. न लागणारा कोड ठेवल्याने काय बिघडते, असे विचारणाऱ्याने ही हकिगत वाचावी.

मग दिसला सारखा कोड, की केला एकत्र, असे करावे का? तेही नाही, आणि इथे जाणत्यांचीही चूक होते. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार कमी जोखमीच्या ग्राहकाची केवायसी दहा वर्षांतून एकदा अद्ययावत करायची असते. दहा वर्षे दावा न झालेली ठेव ठेवीदार शिक्षण आणि जागरूकता निधीत जाते. दोन्हीकडे दहाच वर्षे. पण पहिला नियम ग्राहकाची ओळख पटण्यासाठी आहे, दुसरा बेवारस पैशाच्या रक्षणासाठी. कोणी हे दोन आकडे सारखे दिसले म्हणून एकाच जागी बांधले, तर उद्या एक नियम बदलताना दुसरा मोडेल. म्हणून एकत्र करायचा तो नियम. नुसते साम्य नव्हे. दोन जागा एकाच कारणाने बदलणार असतील तर ती पुनरावृत्ती. वेगवेगळ्या कारणांनी बदलणार असतील, तर त्यांना वेगळेच राहू द्यावे.

हा विवेक सुटला, की पुनरावृत्ती जाते आणि तिच्या जागी गुंतागुंत येते. सगळ्यांसाठी म्हणून एक फंक्शन केले जाते. मग या क्लायंटसाठी एक ‘इफ’, त्या राज्यासाठी दुसरा, जुन्या खात्यांसाठी तिसरा. एकमेकींवर अवलंबून नसलेल्या दहा अटी एकापाठोपाठ आल्या, तर त्या फंक्शनमधून जाण्याचे १,०२४ मार्ग होतात. टेस्टिंग करणाऱ्याने त्यांतले किती तपासायचे? थॉमस मॅकेब यांनी १९७६मध्येच कोडमधल्या अशा फाट्यांवरून गुंतागुंत मोजण्याची रीत दिली आणि एका मॉड्यूलसाठी दहाची मर्यादा सुचवली. ते मोजणारी साधने आज फुकट मिळतात. कमी पडते ती आकडा वाढला तर थांबण्याची तयारी.

करायचे काय, ते अवघड नाही. पहिल्यांदा लिहा, दुसऱ्यांदा सावध व्हा, तिसऱ्यांदा तोच नियम लिहायची वेळ आली तर त्याला एक जागा द्या. मार्टिन फाउलर यांच्या १९९९च्या ‘रिफॅक्टरिंग’ या पुस्तकाने हा संकेत सर्वदूर नेला. जुन्या कोडला हात लावण्याआधी आजचे वर्तन पकडणाऱ्या टेस्ट लिहा. त्याशिवाय केलेली साफसफाई हा जुगार आहे. एका वेळी एक लहान बदल करा आणि नवी सुविधा त्याच बदलात घुसडू नका. न लागणारा कोड कॉमेंट करून ठेवू नका, काढून टाका. जुनी आवृत्ती गिटमध्ये शाबूत असते.

हे सगळे प्रोग्रामरला ठाऊक असते. त्याला वेळ मिळत नाही, कारण आपल्या कामाच्या हिशेबात भर मोजली जाते, घट मोजली जात नाही. १९८२मध्ये ॲपल कंपनीत दर आठवड्याला लिहिलेल्या ओळींची संख्या फॉर्मवर भरायला सांगितली गेली. बिल ॲटकिन्सन यांनी त्या आठवड्यात आपल्या चित्रप्रणालीचा एक भाग नव्याने लिहून सुमारे २,००० ओळी कमी केल्या होत्या आणि तो भाग कित्येक पट वेगवानही झाला होता. त्यांनी फॉर्मवर उणे २,००० असे लिहिले. लवकरच त्यांच्याकडे तो फॉर्म मागणे बंद झाले. मोजण्याची रीतच चुकीची होती. आपल्याकडे मनुष्यतासांवर बिल लावणाऱ्या कंपन्यांनी आणि ते बिल भरणाऱ्या बँकांनी हे आता तरी ध्यानात घ्यावे.

घाई करण्याचे कारण आहे. आज एआयची साधने मागाल तेवढा कोड काही सेकंदांत लिहून देतात. नियम आधीच कुठे लिहिला आहे, हे शोधण्यापेक्षा तो पुन्हा लिहून घेणे सोपे झाले आहे. प्रत काढण्याचा खर्च शून्यावर आला; प्रत सांभाळण्याचा खर्च होता तेवढाच राहिला. म्हणून कोड रिव्ह्यूमध्ये ‘हा चालतो का?’ याच्या आधी ‘हा आपल्याकडे आधीच आहे का?’ हा प्रश्न यायला हवा. अभियांत्रिकी महाविद्यालयांनीही प्रॅक्टिकलला नव्या प्रोग्रामच्या जोडीला एक जुना, विस्कटलेला प्रोग्राम द्यावा आणि वर्तन न बदलता तो लहान करून दाखवायला सांगावे. नोकरी लागल्यावर वर्षानुवर्षे करावे लागणारे काम हेच आहे.

गोरेगावच्या महामार्गालगतच्या इमारतींत लिहिलेल्या ओळींवर कुणाची तरी पेन्शन, कुणाचा कर्जाचा हप्ता, कुणाच्या मुलीची फी अवलंबून असते. त्या ओळी जितक्या कमी आणि जितक्या स्वच्छ, तितकी त्या माणसाची फसगत होण्याची शक्यता कमी. म्हणून कंपन्यांनी प्रत्येक रिलीजमध्ये साफसफाईचे तास वेगळे धरावेत, क्लायंटच्या करारात ते उघड लिहावेत आणि पुढच्या अप्रेझलच्या फॉर्मवर ‘यंदा काय नवे केले?’ याच्या शेजारी ‘यंदा काय काढून टाकले?’ हा रकाना घालावा. त्या रकान्यातल्या उत्तराला बढतीत वजन मिळाले, की कोड आपोआप लहान होऊ लागेल.