मंगळ जड म्हणजे किती किलो?

आमच्या भाचीचं लग्न जमत आलं होतं. मुलगा पसंत, मुलगी पसंत, पोहे पसंत. दोन्हीकडच्या मंडळींनी मावशीच्या जावेच्या माहेराहून एक लांबचं नातंही शोधून काढलं होतं. आणि आठव्या दिवशी मध्यस्थ आमच्या कोचावर बसले, आवाज खाली आणला आणि म्हणाले, "मुलगी लाखात एक आहे. पण मंगळ जड आहे हो!"

'जड' हा शब्द ऐकला की मी आधी स्वतःकडे बघतो. गेली पंधरा वर्षं या घरात जड म्हणून एकच वस्तू प्रसिद्ध आहे, आणि ती ८४ किलो भरते. पण त्या दिवशी मला राग आला. भाची आत चहा गाळत होती आणि तिला सगळं ऐकू येत होतं.

"काका," मी म्हटलं, "जड म्हणजे किती किलो?"

ते हसले. मी हसत नव्हतो.

अहो, वजन ही काही कुणाची खाजगी मालमत्ता नव्हे. पायाखालचा गोळा आपल्याला किती जोराने ओढतो, त्याचं ते माप. ही ओढ दोन गोष्टींवर ठरते. त्या गोळ्यात माल किती आहे आणि त्याच्या मध्यापासून आपण किती लांब उभे आहोत. माल दुप्पट, तर ओढ दुप्पट. पण मध्यापासूनचं अंतर दुप्पट झालं, तर ओढ निम्मी होत नाही, पाव होते. न्यूटनने हे १६८७ साली छापून ठेवलंय. एवढ्या वर्षांत आमच्या कोचापर्यंत पोचायला हरकत नव्हती.

आता मंगळ घ्या. त्यात पृथ्वीच्या जेमतेम एक दशांश माल. म्हणजे तिथे मी आठ-साडेआठ किलो भरावं. पण तो आकारानेही लहान. त्रिज्या पृथ्वीच्या निम्म्याहून थोडीशीच जास्त. त्यामुळे मी मध्याच्या जवळ, आणि ओढ वाढते. सगळा हिशेब होऊन माझं वजन भरतं ३२ किलो! डॉक्टर, दुधी भोपळ्याचा रस आणि सौभाग्यवती या तिघांना मिळून जे जमलं नाही, ते हा 'जड' मंगळ फुकटात करतो.

बुधावरही मी ३२ च भरतो. मंगळात बुधाच्या जवळजवळ दुप्पट माल आहे, पण त्याची त्रिज्या बुधाच्या १.४ पट, आणि १.४ चा वर्ग होतो जवळजवळ दोन. फिट्टंफाट! मग बुध 'जड' म्हणून एखादं लग्न मोडल्याचं कुणी ऐकलंय?

"आणि शनी?" काकांनी हुकमाचं पान टाकलं. "तो तर केवढा!"

केवढा म्हणजे पृथ्वीच्या ९५ पट मालाचा. पण हा माल त्याने कापसाच्या गादीसारखा ऐसपैस पसरलाय. त्रिज्या नऊपटींहून जास्त, आणि घनता पाण्याहून कमी. तिथे उभं राहायला जमीन नाही. पण ढगांच्या माथ्यावर, विषुववृत्तापाशी कुणी काटा धरलाच, तर मी इथल्यापेक्षा सहा-सात किलोंनी कमीच भरेन, कारण तो साडेदहा-पावणेअकरा तासांत एक गिरकी घेतो आणि त्या गिरकीत थोडं वजन उधळून जातं. साडेसातीच्या नावाने तेल ओतणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

खरा अंगावर येणारा ग्रह कोणता, सांगू? गुरू! पृथ्वीच्या ३१८ पट माल. त्रिज्या अकरा पट असल्यामुळे थोडक्यात निभावतं, तरी मी तिथे दोनशे किलोंच्या घरात जातो. आणि लग्न ठरायला तुम्ही वाट कुणाची बघता? गुरुबळाची!

"अहो, मी वजनाचं नाही, प्रभावाचं म्हणतोय," काका म्हणाले. "तो लांबून होतो."

ठीक आहे, लांबूनचंही मोजू. मंगळ अगदी जवळ येतो तेव्हाही साडेपाच कोटी किलोमीटरवर असतो. तिथून तो मला जेवढा ओढतो, ती ओढ एका मिलिग्रॅमच्याही आत. साखरेच्या दाण्याइतकीसुद्धा नाही. हा प्रभाव ओढीचा नसून आणखी कसला असेल, तर तो मोजून दाखवा. मोजता येत नसेल, तर निदान 'जड' म्हणू नका. आणि पत्रिकेच्या बारा घरांपैकी पहिल्या, चौथ्या, सातव्या, आठव्या नि बाराव्यात मंगळ आला की पत्रिका मंगळाची. बारात पाच! तुमचे अपवाद सोडले, तर निम्मी आळी मंगळाची निघेल. २०१४ साली भारताचं यान त्या मंगळाभोवती फिरायला लागलं, आणि आम्ही अजून पोरीच्या तोंडावर त्याचं नाव फेकतो.

काकांनी चहा न घेताच छत्री उचलली. ते स्थळ गेलं ते गेलंच. मुलाकडून पुन्हा निरोप आला नाही.

भाचीने कप माझ्यासमोर ठेवला. साखर दोन चमचे, म्हणजे ती रागावलेली नव्हती.

"मामा, मी बावन्न किलो. गुरूवर किती भरेन?"

"एकशे तीसच्या आसपास."

"मग गुरुबळ राहू दे," ती म्हणाली. "मला आपला मंगळच बरा."