रिकामी नाही, परत आले आहे



मागच्या रविवारी अभिषेक झाला, गंधोदक घेतलं आणि बाहेर येऊन चपला शोधत होते. तेवढ्यात आमच्या गल्लीतल्या एक काकू म्हणाल्या, "काय गं, परत लिहायला लागलीस म्हणे? रिकामी झालीस वाटतं आता."

काकूंच्या मनात वाईट काही नव्हतं. मीही हसून "हो ना" म्हटलं आणि घरी आले. डाळ शिजायला लावली, कणीक भिजवली, पण तो शब्द काही डोक्यातून जाईना. रिकामी! आणि काकूंपेक्षा जास्त राग मला माझाच आला, कारण मी "हो ना" म्हटलं होतं.

म्हणून आज त्या "हो ना"चं उत्तर लिहायला बसले आहे.

तीन वर्षं मी एक ओळ लिहिली नाही. वही कपाटात साड्यांच्या खाली होती. शेवटचं पान दशलक्षण पर्वातलं, तेही अर्धवट. परत लिहायचं ठरवलं तेव्हा पहिलं वाक्य आपोआप आलं, "बऱ्याच दिवसांनी लिहिते आहे, क्षमा असावी, घरच्या व्यापातून वेळच मिळाला नाही." वाचून बघितलं आणि पान फाडलं. कुणाची क्षमा मागत होते मी? क्षमावाणीला आपण क्षमा मागतो ती ज्याला आपण दुखावलं त्या जिवाची. मी घर सांभाळलं याबद्दल क्षमा मागायची? की आता वही उघडते आहे याबद्दल? खरं सांगायचं तर बायका दोन्हीबद्दल मागतात. लिहिलं नाही म्हणून वाचणाऱ्यांची आणि लिहिलं म्हणून घरच्यांची.

त्या तीन वर्षांत काय झालं ते सांगते. सासूबाई अंथरुणाला खिळल्या. पहिलं वर्ष दवाखान्याच्या खेपांत गेलं, दुसरं त्यांच्या उशाशी. शेवटच्या काही महिन्यांत त्यांना आजची तिथी आठवत नसे, पण साठ वर्षांपूर्वीचं सगळं लख्ख आठवत असे. माहेरच्या बस्तीत पंचकल्याणक झालं तेव्हा कुणी काय नेसलं होतं, चातुर्मासाआधी पापड-सांडगे किती आणि कुठल्या उन्हात वाळवायचे, विहिरीचं पाणी गाळल्यावर गाळण्यातले जीव त्याच विहिरीत हळू कसे सोडायचे. आणि नेमी-राजुलचं एक गाणं, जात्यावरचं. त्यांच्या सासूबाईंनी त्यांना शिकवलेलं. लग्नाच्या वरातीतून नेमिनाथ मागे फिरतात आणि राजुल दारात उभी राहते, तिथपर्यंत त्या नेहमी म्हणत. पुढे राजुल काय बोलते ते मोठं होतं, आठ-दहा कडव्यांचं. एका दुपारी त्यांनी ते अख्खं म्हटलं. मी औषधाच्या गोळ्या मोजत होते. म्हटलं, "आई, उद्या लिहून घेते हं."

उद्या त्यांना ते आठवलं नाही. नंतर कधीच नाही. माझ्याकडे आज अडीच कडवी आहेत. राजुल दारात उभी आहे आणि तिचं बोलणं माझ्यापाशी नाही.

आता सांगा, मी त्या वेळी रिकामी होते की भरलेली? आयुष्यात लिहिण्यासारखं सगळ्यात जास्त जेव्हा होतं, नेमकी तेव्हाच वही बंद होती. ती बंद राहिली, कारण मलाही लहानपणापासून हेच शिकवलेलं होतं की लिहिणं हे सगळं आवरल्यावर करायचं काम. आणि मैत्रिणींनो, बाईचं सगळं कधी आवरतं का?

आपल्याच घरातली दुसरी वही बघा. आपल्यापैकी बऱ्याच जणींच्या घरी दुकान आहे, आडत आहे, निदान सासरे-आजेसासऱ्यांच्या वेळी तरी होती. तिथे रोजची कीर्द चुकत नाही. घरात पाहुणे असोत, पाऊस असो, कुणी आजारी असो, संध्याकाळी जमा-खर्च लिहिला जातोच. दिवाळीला त्या वह्यांची पूजा होते. "रिकामा होता म्हणून वही लिहित बसला" असं दुकानात बसलेल्या पुरुषाला आजवर कुणी म्हटलेलं मी ऐकलं नाही. पाच रुपयांची उधारी विसरू नये म्हणून रोज लिहायचं, आणि चार पिढ्यांचं गाणं जातं त्याची नोंद नाही, हा हिशेब मला पटत नाही.

यावर मंडळात एक उत्तर ठरलेलं असतं. "आचार्यांनी सगळं लिहून ठेवलंय की, बायकांनी आणखी काय लिहायचं?"

आचार्यांनी लिहिलं त्याला माझा नमस्कार. पण भगवान ऋषभदेवांनी लिपी पहिल्यांदा शिकवली ती मुलीला, ब्राह्मीला. आणि अंक सुंदरीला. हे आपण पाळण्यातल्या मुलींना सांगतो, त्यांची नावं ब्राह्मी ठेवतो, आणि लग्न झालं की ब्राह्मीच्या हातात फक्त किराण्याची यादी देतो.

षट्खंडागमाचंच घ्या. श्रुतपंचमीला आपण ज्याची पूजा करतो तो ग्रंथ शतकानुशतकं मूडबिद्रीला ताडपत्रांवर होता, दर्शनापुरता. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी सोलापूरचे हिराचंद नेमचंद आणि मुंबईचे सेठ माणिकचंद यांनी खटपट करून त्याच्या प्रती करायला घेतल्या. ते काम करणाऱ्या गजपती उपाध्यायांनी गुपचूप आणखी एक कानडी प्रत घरी केली, आणि त्या कामात त्यांना मदत होती त्यांच्या पत्नीची, लक्ष्मीबाईंची. त्या गुपचूप प्रतीवरून पुढच्या प्रती झाल्या, ग्रंथ मूडबिद्रीबाहेर पोचला आणि १९३९ साली अमरावतीहून डॉ. हिरालाल जैन यांनी पहिला खंड छापून काढला. गुपचूप प्रत करणं बरोबर की चूक यावर वाद घाला हवा तर. मी एवढंच म्हणते की आज आपल्या मंदिराच्या कपाटात जे सोळा खंड आहेत, त्यांच्या वाटेत एका गृहिणीचा हात आहे. तिलाही चूल होतीच की! तिनं "आवरल्यावर बघू" म्हटलं असतं तर?

आणि त्याच्याही नऊशे वर्षं आधी कर्नाटकात दानचिंतामणी अत्तिमब्बे होऊन गेली. पोन्न कवीच्या शांतिपुराणाच्या हजार प्रती तिनं ताडपत्रावर लिहवून घेतल्या आणि वाटल्या, असं परंपरा सांगते. आहारदान आपण हौसेनं करतो. महाराजांचा चौका लावायचा म्हटलं की पहाटे तीनला उठतो. शास्त्रदानही त्याच चार दानांत आहे, पण त्याची पावती फाडली की आपलं काम संपलं असं वाटतं.

दुसरं उत्तर जास्त गोड असतं. "लिहिणं म्हणजे मान कषाय. आपण कशाला नाव मिरवायचं?" मी या वाक्याला बरीच वर्षं घाबरले. आता विचारते, रांगोळीच्या स्पर्धेत नाव लागतं तेव्हा मान कषाय नसतो? बोली बोलून पहिला कलश घेतला आणि माईकवर घराण्याचं नाव पुकारलं, तेव्हा कुठे जातो तो? आणि माझ्यापुरतं सांगायचं तर न लिहिण्यातच माझा मान होता. "लिहीन तर उत्तमच लिहीन, नाहीतर नाही" हा तो मान. अडीच कडवी चुकतमाकत उतरवायची मला लाज वाटत होती. तीन वर्षांतला निम्मा खंड आजारपणाचा, आणि निम्मा या लाजेचा. हे मला कबूल केलं पाहिजे, नाहीतर काकूंना बोलायचा मला काय अधिकार?

वेळेचंही खरं बोलते. ज्यांच्या घरी तान्हं मूल आहे, अंथरुणावर माणूस आहे, ज्या नोकरी करून स्वयंपाकही करतात, त्यांना मी "वेळ काढा" असा उपदेश करणार नाही. मला तो कुणी केला असता तर मी त्या दिवसांत रडले असते. पण बाकीच्यांनी जरा आठवा. आपल्यात सूर्यास्ताआधी जेवणं होतात. सात-साडेसातला ओटा पुसलेला असतो. त्यानंतरचे दोन तास जातात कुठे? मालिकेत, आणि फोनवर आलेलं सुविचाराचं चित्र पुढे ढकलण्यात. क्षमावाणीला मला दोनशे जणींचे संदेश आले. त्यात स्वतःच्या हातानं लिहिलेले चार होते. बाकी सगळ्यांची क्षमा एकाच कारखान्यात छापलेली. चौघींनी जे लिहिलं ते मात्र मी जपून ठेवलं आहे, त्यातल्या एकीला तर र्‍हस्व-दीर्घाचाही पत्ता नाही.

परत येणाऱ्या बाईनं खाली मान घालून यावं, हे तर मला धर्माच्या बाजूनंही पटत नाही. प्रतिक्रमण म्हणजे काय? परत फिरणं. आपल्याकडे ते दिवसाचं आहे, रात्रीचं आहे, पंधरवड्याचं, चातुर्मासाचं आणि वर्षाचंही आहे. ज्यांनी हे सांगितलं त्यांना माणूस माहीत होता. तो भरकटणार, त्याचा नेम मोडणार, हे धरूनच त्यांनी परतीची वाट आधी बांधून ठेवली. वर्षानं परत येणाऱ्याला त्यांनी दार लावलं नाही. मग वहीकडे तीन वर्षांनी परतणारीला आपण "रिकामी झालीस वाटतं" का म्हणावं? आणि तिनंही "आता रोज लिहीन" अशी शपथ का घ्यावी? ती मोडली की पुन्हा तीन वर्षं गेलीच.

आणि स्वाध्याय तर श्रावकाच्या रोजच्या सहा कर्तव्यांतला आहे. त्यात नुसतं वाचणं नाही, प्रश्न विचारणं आहे, वाचलेल्याचं पुन्हा पुन्हा चिंतन आहे. मला तरी हातात पेन असल्याशिवाय चिंतन जमत नाही. नुसती बसले की दुधाचा हिशेबच डोक्यात येतो.

तेव्हा मी शपथ घेत नाही. सामायिकाला आपण दोन घटिका बसतो, अठ्ठेचाळीस मिनिटं. त्याच्या निम्मा वेळ, जमेल त्या संध्याकाळी, वहीला. एवढंच. मध्ये खंड पडला तर पडेल, परत येईन तेव्हा कारण सांगणार नाही.

तुम्हालाही एकच मागणं आहे. घरात सत्तरीपुढची जी कुणी असेल, तिच्यापाशी या आठवड्यात एकदा वही घेऊन बसा. तिला विचारा. पर्वातलं गाणं, पिठाच्या मर्यादेचे दिवस ती कसे मोजायची, पहिला उपवास कुणी करायला लावला, काहीही. ती म्हणेल "माझं काय लिहायचंय". तरी लिहा. बहिणाबाई चौधरींच्या ओव्या मुलानं आणि भाच्यानं उतरवून घेतल्या म्हणून १९५२ साली, त्या गेल्यानंतर का होईना, पुस्तक झालं. आपल्या घरातल्या बाईसाठी कुणी सोपानदेव येईल म्हणून वाट बघू नका.

बुधवारी मी काकूंकडे गेले होते, ते गाणं त्यांना येतं का विचारायला. आधी म्हणाल्या, "छे, मला कुठलं आठवतंय." मग दाण्याचं कूट करता करता एक कडवं म्हणाल्या. माझ्याकडे नव्हतं ते. राजुलच्या बोलण्यातलंच आहे, पण मधलं कुठलं तरी, मागचा-पुढचा धागा लागत नाही. या वेळी वही बरोबर होती.

आता माझ्याकडे साडेतीन कडवी आहेत. उरलेली तुमच्यापैकी कुणाच्या आजीकडे असतील तर कळवा.

उत्तम क्षमा. जय जिनेंद्र.