फाईल धरून बसलेली काकू

तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९मध्ये सुरू झाले, पाठोपाठ औद्योगिक वसाहत वाढली. तिथे नोकरीत उमेदीची वर्षे घातलेली कित्येक जोडपी आज बोईसर-पालघरात सत्तरी-ऐंशीत आहेत. मुले मुंबईला, नाहीतर परदेशी.

अशाच एका घरात स्मृतिभ्रंश झालेले काका चौथ्यांदा विचारतात, ‘गॅसचा नंबर लावलास का?’ काकू चौथ्यांदाही ‘हो’ म्हणतात. पण त्यांची झोप पुरी होत नाही, स्वतःची बीपीची गोळी डबीतच राहते, भजनी मंडळ केव्हाच सुटलेले.

अमेरिकेतल्या यूटा राज्यातील १,२२१ वृद्ध जोडप्यांचा अभ्यास २०१०मध्ये प्रसिद्ध झाला. जोडीदाराला स्मृतिभ्रंश असलेल्यांना तोच आजार होण्याचा धोका सुमारे सहापट आढळला. पुढच्या काही अभ्यासांत तो बराच कमी दिसला, हेही सांगायला हवे. आजार संसर्गाचा नाही. पण ताण, एकटेपण आणि वर्षानुवर्षांचे एकत्र खाणेपिणे दोघांच्याही वाट्याला येते.

ओपीडीच्या बाकावर नवऱ्याची फाईल धरून बसलेली काकू स्वतःचा केसपेपर काढत नाही. तो डॉक्टरांनी काढायला लावावा. तिचा रक्तदाब, साखर, कान आणि स्मरणशक्ती त्याच फेरीत तपासावी, अशी आमची जिल्ह्यातल्या प्रत्येक दवाखान्याला कळकळीची विनंती आहे.