वह्यांची अदलाबदल

बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रवेश मिळणे किती दुर्घट आहे, हे ज्यांच्या घरी विज्ञान शिकणारी मुले आहेत त्यांना सांगावयास नको. त्याच संस्थेतील आणि निरनिराळ्या आय. आय. टी.तील प्राध्यापकांची व्याख्याने आज कोणासही घरबसल्या, विनामूल्य ऐकता येतात. या संस्थांनी मिळून केंद्र सरकारच्या साहाय्याने २००३ साली ‘एनपीटीईएल’ हा उपक्रम सुरू केला आणि २०१४ पासून त्यास प्रमाणपत्राची जोड मिळाली. अभ्यासक्रम चार, आठ किंवा बारा आठवड्यांचा असतो. दर आठवड्यास स्वाध्याय सोडवावयाचा, आणि ज्याला प्रमाणपत्र हवे असेल त्याने शुल्क भरून केंद्रावर परीक्षा द्यावयाची.

विद्येचे द्वार असे उघडले, तरी आत एकट्याने बसून राहणे फार कठीण जाते. हार्वर्ड व एमआयटी यांच्या अशाच अभ्यासक्रमांत २०१७-१८ साली नाव नोंदविणाऱ्या शंभरांपैकी सुमारे तीनच जणांनी अभ्यासक्रम पुरा केला. कित्येक जण केवळ कुतूहलाने नाव नोंदवितात, हे मान्य केले तरी ही संख्या फारच अल्प आहे.

आमच्या शेजारची एक कन्नडभाषी मुलगी गेल्या वर्षी याच वाटेवर होती. चौथ्या आठवड्याच्या स्वाध्यायात तिला जेमतेम निम्मे गुण पडले. उत्तर चुकले हे यंत्राने तत्काळ सांगितले; परंतु विचाराची गाडी कोठे घसरली, हे सांगणारे कोणी नव्हते. महाविद्यालयात या अभ्यासक्रमांसाठी नेमलेले एक प्राध्यापक होते खरे, पण ते तरी कितीजणांजवळ बसणार? अखेर तिने दोन मैत्रिणींना गाठले, आणि त्यांच्या घरी पाहुणे असल्याकारणाने ही मंडळी रविवारी सकाळी आमच्या जेवणाच्या टेबलाशी येऊन बसू लागली. नियम एकच: स्वाध्यायाची मुदत संपल्यावरच वह्या उघडावयाच्या. मुदतीपूर्वी उत्तरे वाटून घेणे नियमाविरुद्ध तर आहेच, शिवाय त्यात कोणी काही शिकतही नाही.

गणिताचे असे असते, निबंधाचे काय? निबंध यंत्राने तपासावा असे पुष्कळांस वाटत नाही, आणि हजारो निबंध एका शिक्षकाच्या आवाक्यातले नव्हेत. यावर स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या एका अभ्यासक्रमात विद्यार्थ्यांनीच एकमेकांचे काम तपासावे, अशी योजना प्रथमच मोठ्या प्रमाणावर करण्यात आली. शिक्षकांनी आधी तपासून ठेवलेल्या नमुन्यांवर हात बसवून घ्यावयाचा, मग सहाध्यायांचे काम तपासावयाचे आणि शेवटी स्वतःचे. २०१३ साली त्याचा जो अहवाल प्रसिद्ध झाला, त्यात विद्यार्थ्यांनी दिलेले गुण शिक्षकांच्या गुणांशी बरेच जुळतात असे आढळले. मात्र स्वतःच्या कामास प्रत्येकाने सरासरी ७ टक्के अधिक गुण दिले होते, आणि आपल्या देशबांधवांच्या कामास ३.६ टक्के अधिक! मनुष्यस्वभाव सातासमुद्रांपलीकडेही तोच.

अशाच एका लेखनवर्गात मीही नाव घातले होते. माझा व्यवसाय दुसऱ्यांच्या लिखाणावर पेन्सिल चालविण्याचा. तेव्हा आपल्या निबंधास कोण काय म्हणणार, अशी थोडी घमेंड होती. तिघांनी ‘छान’, ‘फार छान’ एवढेच लिहिले. चौथ्या वाचकाने, जो कोण असेल तो, लिहिले होते: “दुसरा परिच्छेद मी दोनदा वाचला. स्टेशनवर आई गेली की मावशी, हे मला कळले नाही.” मी रागावले. दोन दिवस तो निबंध उघडला नाही. तिसऱ्या दिवशी वाचून पाहिला, तर ‘ती’ हे सर्वनाम पाच वाक्यांत सहा वेळा आले होते आणि त्यातली कोणती ‘ती’ कोण, हे एका मलाच ठाऊक होते. त्या तिघांच्या ‘छान’ने माझे काहीच बिघडले नाही, परंतु त्यांनी माझा निबंध वाचला होता की नाही, हे मला आजही सांगता येणार नाही. मग मी स्वतः तपासलेले चार निबंध पुन्हा काढले. त्यांतल्या दोहोंवर मीही ‘छान’च लिहून मोकळी झाले होते.

रविवारच्या टेबलाशी हा प्रकार चालत नाही. वही समोर असते आणि वहीची मालकीणही. एकदा आमच्या शेजारणीला मैत्रिणीच्या वहीत चूक शोधता शोधता अर्धा तास लागला. चूक सापडली ती एका ऋण चिन्हाची. ते दाखविण्यासाठी तिने सारे उदाहरण पहिल्या ओळीपासून मोठ्याने मांडले, आणि मध्येच थांबून स्वतःची वही ओढून घेतली. तिच्याही चौथ्या आठवड्याच्या वहीत तेच चिन्ह त्याच ठिकाणी गळाले होते. “गोत्तायितु!” ती म्हणाली, म्हणजे, कळले. आणि सकाळच्या चहाचे पेले तसेच बाजूला सारून तिघीजणी पाचव्या आठवड्याच्या व्याख्यानाकडे वळल्या.