फाईल उघडी, पण फाटक बंद

बालमित्रांनो, समजा शाळेच्या जुन्या संगणकावर तुम्ही उबुंटू घातलं, अपाची नावाचा सर्व्हर बसवला आणि आपल्या गावाचं एक पान तयार केलं. १९३५ साली तुकडोजी महाराजांनी मोझरीत गुरुकुंज आश्रम उभारला, ही माहिती छान लिहिली. आता शेजारच्या संगणकावरून ते पान उघडलं, आणि समोर काय? '४०३ फॉरबिडन'!

४०४ आलं असतं, तर पान सापडलंच नाही असं समजायचं. ४०३ म्हणजे सर्व्हर म्हणतो, "मागणी कळली, पण मनाई आहे."

मनाई कुणी केली? बहुतेक वेळा तुम्हीच, नकळत! उबुंटूमध्ये अपाची तुमच्या नावानं काम करत नाही. त्याचं वेगळं खातं असतं, 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा'. तुमच्या फाईलला तो परकाच. १९६९ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये सुरू झालेल्या युनिक्सकडून ही रीत आली आहे. प्रत्येक फाईलवर तिघांचे हक्क लिहिलेले असतात : मालक, गट आणि इतर. वाचण्याचे ४, लिहिण्याचे २, चालवण्याचा १. करा बरं बेरीज! ६ म्हणजे वाचणं आणि लिहिणं, दुसरं काही असूच शकत नाही. म्हणून ६४४ म्हणजे मालकानं वाचावं-लिहावं, बाकीच्यांनी नुसतं वाचावं.

"पण बाई, आमची फाईल तर ६४४च आहे!" असं कुणीतरी म्हणेलच. खरी गंमत इथंच आहे. फोल्डरच्या बाबतीत तो १ म्हणजे 'चालवणं' नव्हे, तर आतून पलीकडे जाण्याची मुभा. माजघरातलं फडताळ उघडं आहे हो, पण अंगणाचं फाटकच लावलेलं असेल तर पाहुणा तिथवर पोचणार कसा? २०२१च्या उबुंटू २१.०४पासून नव्या खात्याचं घरचं फोल्डर ७५० असतं. शेवटचं शून्य पाहिलंत? इतरांना फाटक बंद! आणि ते बरंच आहे, घरात आपली खासगी कागदपत्रंही असतात.

मग पुष्कळजण वैतागून सगळ्याला ७७७ देऊन टाकतात. पान दिसतं, टाळ्या पडतात. पण आता त्या संगणकावर खातं असलेला कुणीही तुमचं पान बदलू शकतो, पुसूही शकतो. सर्व्हरवरच्या एखाद्या सदोष प्रोग्राममधून बाहेरचा माणूस शिरला, तर त्यालाही रान मोकळं. पालकहो, हा उपाय कुणी सुचवला तर मुलांना जरूर थांबवा.

त्यापेक्षा पान घरात ठेवूच नका. त्यासाठी 'व्हार' फोल्डरमधल्या 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू'मध्ये 'एचटीएमएल' नावाची जागा मुद्दाम राखलेली असते. फाईलला ६४४, फोल्डरला ७५५. अपाचीला वाचता येतं, लिहिता येत नाही.

आता एक कोडं. एका फोल्डरला ७११ दिलं आहे आणि आतली फाईल ६४४ आहे. परक्याला आत काय काय आहे याची यादी दिसेल का? आणि फाईलचं नाव आधीच ठाऊक असेल, तर ती वाचता येईल का? उत्तर पुढच्या अंकात.