बटण आजींच्या गळ्यात, पण अ‍ॅप कोणासाठी?



आरोग्याचं अ‍ॅप काढायचंय, असं म्हणणारं कोणी ना कोणी माझ्या प्रत्येक बॅचमध्ये असतंच. या वेळी दोघांनी एकच आयडिया आणली: ज्येष्ठांच्या गळ्यात एसओएस बटण आणि ते दाबलं की घरच्यांच्या मोबाईलवर अलर्ट. गरज खरी आहे. 2011 च्या जनगणनेतच देशात साठीपुढचे दहा कोटींहून जास्त लोक होते. पण दोघांच्याही आराखड्यात पहिल्या स्क्रीनवर काय होतं? ठोके, पावलं, झोपेचा आलेख.

माझं सर्जिकल साहित्याचं दुकान आहे. वॉकर, बीपी मशीन यांच्या शेजारीच ही बटणंही मी विकते. काउंटरवर आलेखाबद्दल आजवर कोणी विचारलेलं नाही. लोक विचारतात, "बटण दाबल्यावर जाणार कोण?"

माझं मत स्पष्ट आहे. हे अ‍ॅप बटणवाल्या आजींसाठी नाही, त्यांच्यासाठी धावणाऱ्या माणसांसाठी आहे. आता ही माणसं कोण ते बघा. मुलगा पुण्याला, मुलगी नाशिकला, सून दिवसभर नोकरीवर आणि दोन मिनिटांच्या अंतरावर फक्त शेजारच्या काकू. पैसे मुलगा भरणार, अ‍ॅप तोच घेणार. दार उघडायला मात्र जाणार काकू, आणि त्यांच्या फोनमध्ये तुमचं अ‍ॅप नसणार.

अलर्ट चौघांना एकदम गेला तर काय होतं? एक तर चौघंही एकमेकांना फोन लावत बसतात आणि सगळ्यांचे फोन बिझी, नाहीतर प्रत्येकाला वाटतं दुसरा कोणी गेला असेल. म्हणून स्क्रीनवर एकच मोठं बटण हवं: "मी जातोय". कोणी ते दाबलं की बाकीच्यांना त्याचं नाव दिसलं पाहिजे. मिनिटभरात कोणीच दाबलं नाही, तर यादीतल्या पुढच्या माणसाला खरा कॉल जाऊ दे, मराठीत बोलणारा: आजींनी बटण दाबलंय, जाणार असाल तर एक दाबा. काकूंना अ‍ॅप डाउनलोड करायला लावू नका. जाणाऱ्याला घराची किल्ली कोणाकडे आहे, आजी कोणत्या गोळ्या घेतात, हे लगेच कळलं पाहिजे. 108 आणि 112 एका टचवर हवेत.

अलर्ट वाजलाच नाही तर? अँड्रॉइड 13 पासून नोटिफिकेशन दाखवायला अ‍ॅपला परवानगी मागावी लागते. मुलाने घाईत "नको" दाबलं की विषय संपला. कित्येक फोन बॅटरी वाचवायला मागे चालणारी अ‍ॅप्स बंद करून टाकतात. आयफोन सायलेंटवर असतानाही वाजणारा अलर्ट हवा असेल तर अ‍ॅपलकडून वेगळी मंजुरी घ्यावी लागते. सिमवाल्या बटणाचं दुखणं आणखी वेगळं. डिव्हाइस फक्त टूजीचं असेल तर त्यात जिओचं सिम चालतच नाही, कारण जिओकडे टूजी नाही. आणि रिचार्ज संपला की ते बटण म्हणजे गळ्यातला नुसता दागिना! म्हणून अ‍ॅपने रोज एकदा सांगावं, "डिव्हाइस चालू, चार्ज 70 टक्के". हे सांगणं थांबलं तर तोही अलर्टच समजावा.

आता खोटा अलर्ट. डेव्हलपर मंडळी याला किरकोळ समजतात, मला हा सगळ्यात मोठा विषय वाटतो. झोपेत कूस बदलताना बटण दाबलं जातं, भांडी घासताना दाबलं जातं. मुलगा मीटिंग सोडून धावत येतो आणि वैतागतो. एखाददोनदा असं झालं की आजी बटण काढून दारामागच्या खिळ्याला अडकवतात. मुलाला आपला त्रास नको, म्हणून. त्यानंतर तुमचं अ‍ॅप कितीही भारी असू दे, खिळा काही पडत नाही, पडतात त्या आजी. तेव्हा "चुकीचे अलर्ट: 6" असा लाल आकडा कुठेही दाखवू नका. आजींना स्वतःच दहा सेकंदांत रद्द करता येऊ दे. नाही जमलं तर मुलाच्या स्क्रीनवर "आई ठीक आहे" एवढंच पुरे. आणि त्या देवळात किती वेळ बसल्या, हे दिवसभर नकाशावर कोणाला दिसायचं कारण नाही. बटण दाबल्यावर लोकेशन दिसलं की काम झालं. (डेटाबाबत 2023 चा कायदा आहेच, पण आधी आजींना विचारा.)

पैशांचं बोलू. वर्षाची फी घ्या, बिनधास्त घ्या. सर्व्हर आणि कॉल फुकट येत नाहीत. पण दुसरा संपर्क जोडायला प्रीमियम प्लॅन, असलं काही करू नका. जास्तीचे पैसे महिन्याच्या रिपोर्टला लावा, सिम रिचार्जची जबाबदारी तुम्ही घेणार असाल तर त्याला लावा. त्याला गिऱ्हाईक खुशीने पैसे देतं.

कोडिंगच्या आधी एक घर निवडा. घरच्यांना आणि काकूंना सांगून ठेवा की या आठवड्यात कधीतरी चाचणी होणार, पण वेळ सांगू नका. मग रात्री दोन वाजता आजींना बटण दाबायला सांगा आणि दार वाजेपर्यंत किती मिनिटं गेली, ते वहीत लिहा. पुढच्या बॅचला येताना स्लाइड नकोत, ती वही आणा.